आधी शेवटचा आकडा हलतो

संत्र्याच्या बागा ताणावर सोडल्या की मला माझी चूक आठवते. चूक गणितातली होती, आणि मी गणिताचा शिक्षक आहे. भर वर्गात मी एका विद्यार्थिनीला खोटं ठरवलं. ती खरी होती. एवढंच असतं तर एव्हाना मी ते विसरलोही असतो, शिकवणाऱ्याच्या हातून असं होतं. पण ती खरी होती हे मला त्याच आठवड्यात कळलं आणि मी बोललो नाही. या लेखात पाहण्यासारखं जे काही आहे ते तिनं पाहिलेलं आहे. न बोलणं तेवढं माझं.

वर्ध्याहून आर्वीमार्गे तळेगावकडे निघालं की कपाशीची शेतं हळूहळू मागं पडतात आणि संत्र्याच्या बागा सुरू होतात. डिसेंबरात या बागांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. काळी माती भेगाळते, पानं कडेनं वळतात, हिरवा रंग मळका होतो. अनोळखी माणसाला वाटावं, या घरातलं कुणी गेलं असेल, म्हणून बागेकडे बघायला कुणी नाही. पण मालक रोज येऊन बघत असतो. झाडाला इतकंच तहानलेलं ठेवायचं की त्यानं पानं काढायचा नाद सोडावा, पण फांदी वाळू नये. मग नेमक्या वेळी पाणी सोडतात, आणि जानेवारी सरता सरता सगळी बाग पांढऱ्या फुलांनी लगडते. एसटीच्या खडखडत्या खिडकीतून तो वास आत येतो तेव्हा बोलणारी माणसं बोलता बोलता थांबतात.

शुभांगी त्या वासाच्या गावची. तळेगावजवळ तिच्या वडलांची बाग. वर्ध्यात खोली करून ती आमच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. शनिवारी घरी जायची आणि सोमवारी पिशवी भरून संत्री आणायची. विभागात आम्ही सगळे ती सोलत बसायचो. मग तास घ्यायला उठलो की खडूला सालीचा वास लागायचा. बोलायची कमी. पण एखादी गोष्ट पटली नाही की मान किंचित तिरपी करायची, आणि ती मान सरळ होईपर्यंत शिकवणाऱ्याला चैन पडत नसे. त्या हिवाळ्यात तिनं प्रकल्पासाठी एक लहानसा नियम निवडला होता.

नियम कुणालाही कळेल असा आहे. शून्य आणि एक यांच्यामधला कोणताही अपूर्णांक घ्या. तो एकाला जितका कमी पडतो, तितक्यानं त्याला गुणा. आलेल्या उत्तराला चारनं गुणा. जे येईल त्याला पुन्हा हेच करा, आणि करत राहा. आता पाऊण घ्या. तो एकाला पावानं कमी पडतो. पाऊण गुणिले पाव गुणिले चार, उत्तर पुन्हा पाऊण. कितीही वेळा करा, पाऊणच. अशा आकड्याला अचल बिंदू म्हणतात. नियम त्याला हलवत नाही.

चारऐवजी तीन पूर्णांक नऊ दशांश घेतले तरी असा एक बिंदू मिळतो, एकोणतीस छेद एकोणचाळीस. समीकरण सोडवून तो दोन ओळींत काढता येतो. मी स्वतःच तो फळ्यावर काढून दिला होता आणि खाली दुहेरी रेघ मारली होती. दुहेरी रेघ म्हणजे संपलं.

सेमिनारच्या दिवशी शुभांगीनं फळ्यावर माझ्या दुहेरी रेघेखाली आपले आकडे मांडले आणि ती म्हणाली, "सर, हा आकडा थांबत नाई."

"कोणता?"

"तुम्ही काढून देलता तोच. समीकरणानं तं थांबाले पाहिजे. पण बटन दाबत गेलं का तो निसटते. आधी शेवटचा आकडा हलते, मंग त्याच्या अंदरचा. अन् मंग तो कुठंबी जाते."

"शुभांगीच्या कॅल्क्युलेटरले थंडी वाजून राह्यली, सर!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसलो. ते हसू मला अजून चेहऱ्यावर जाणवतं.

मी माझा कॅल्क्युलेटर काढला आणि चार व पाऊण घेऊन सगळ्यांसमोर बटणं दाबली. पाऊण, पाऊण, पाऊण. "बघ, मुक्काम ठोकून बसलाय," मी म्हणालो.

तिची मान तिरपी झाली. "सर, तुमचा आकडा संपते. माहा संपत नाई. पाऊण म्हणजे पुरा पाऊण. माह्यावाला पुढं चालूच राह्यते, मशीन त्याले कुठंतरी तोडते. त्या तोडण्यातूनच..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "आपल्या चुकीचं खापर मशीनवर फोडू नये," मी म्हणालो. "आधी बटणं दाबायला शीक. आणि हा विषय सोड, काहीतरी सरळ घे."

तिनं डस्टर उचललं आणि स्वतःचे आकडे पुसले, खालून वर. आधी निसटलेले आकडे गेले आणि माझी दुहेरी रेघ सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'थ्री पॉइंट नाइन' म्हणू लागली. हे नाव मी व्हरांड्यात ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवून पुढं गेलो.

मी असा का वागलो? पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. पुलगावला आमचं किराण्याचं दुकान होतं. वडलांसमोर मोठा तराजू टांगलेला असे. लहानपणी मी त्याच्या पारड्याला बोट लावून पळायचो. पारडी वरखाली होत, दांडी डुलायची, आणि थोड्या वेळानं काटा आपला आपण मधोमध येऊन थांबायचा. बाबा ओरडायचे, पण मला ते बघायला फार आवडे. बोट लावणारा पळून गेला तरी तराजू रुसत नाही, जागेवर येतो. समतोल म्हणजे हेच, असं माझ्या हाडात बसलं. मोठेपणी पुस्तकात दुसऱ्या तऱ्हेचा समतोलही वाचला होता, तळहातावर उभ्या धरलेल्या झाडूसारखा, जरा हलला की पडणारा, परीक्षेत त्यावर उत्तरंही लिहिली होती. पण वाचलेलं आणि हाडात बसलेलं यांत हाडातलं आधी बोलतं. शुभांगीच्या आकड्याकडे मी दुकानदाराच्या पोराच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारची दुपार. अंगणात ऊन कोवळं होतं. बायको, सुनीता, सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. मी शेजारी खुर्चीवर. मनात कुठेतरी खुपत होतं, आणि ते खुपणं बंद व्हावं म्हणून, म्हणजे शुभांगीच चुकली होती याची खात्री करावी म्हणून, मी एकोणतीसला एकोणचाळीसनं भागलं. सात चार तीन पाच आठ नऊ, आणि पुन्हा सात चार तीन. तीन पूर्णांक नऊचा नियम लावत गेलो. आकडा तसाच. पुन्हा तसाच. मला बरं वाटू लागलं.

आणि शेवटचा आकडा हलला.

आधी भास वाटला. पुढच्या खेपेला तो उलट्या बाजूला हलला, पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. मग पुन्हा अलीकडे, आणखी दूर. एकदा जास्त, एकदा कमी, जणू कुणी पाळण्याला अंगठ्यानं झोका देतंय आणि पाळणा कुणाचं न ऐकता वाढत चाललाय. शेवटून दुसरा आकडा गेला, तिसरा गेला, मग सगळी रांगच कोसळली. एव्हाना तो पॉइंट नऊच्या वर चढला होता, मग एकदम खाली आपटला, मग मध्ये, मग कुठेही. यंत्रानं त्या न संपणाऱ्या आकड्याचं शेपूट कापलं होतं. कापताना जी धुळीएवढी चूक राहिली, तिला नियमानं दर खेपेला जवळजवळ दुप्पट केलं होतं. माझा पाऊण थांबला, कारण त्याला शेपूटच नव्हतं. शुभांगीनं हे सगळं सांगितलं होतं. "त्या तोडण्यातूनच," एवढ्यावर मी तिला तोडलं होतं.

खरं सांगायचं तर आधी मला आनंद झाला. लाज नंतर आली. इतकी वर्षं शिकवत असलेली गोष्ट माझ्या बोटांखाली जिवंत झाली होती आणि मी खुर्चीवरून जवळजवळ उठलो होतो.

"काय करून राह्यले तुम्ही? केव्हाचं टकटक चालू हाय," सुनीता म्हणाली. मी तिला सांगितलं. गणित तिला किती कळलं ठाऊक नाही, बाकीचं सगळं कळलं. "मंग उद्या सांगून द्या ना तिले," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

"सांगतो," मी म्हणालो.

सोमवारी शुभांगी नेहमीसारखी संत्री घेऊन आली. मी एक सोललं. सांगितलं नाही. तिनं विषय बदलल्याचं कळवूनही टाकलं होतं. मनात म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग निवांत बोलू. पळस फुलले, कूलरमध्ये नवं गवत भरलं गेलं, परीक्षा झाली. ती साध्या गुणांनी पास झाली आणि गावी गेली. तिला पुढं संशोधन करायचं होतं, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. ती कुठंच गेली नाही, हेही पुढं कानावर आलं.

मी मात्र त्या आकड्याच्या प्रेमात पडलो. पुढची सगळी वर्षं मी त्याच्यामागं चालत आलो आहे. पुस्तकात याला केऑस म्हणतात. नाव ऐकून धुमाकूळ डोळ्यांसमोर येतो, पण इथं एक पाऊलही नियमाबाहेर पडत नाही. अचल बिंदू आपल्या शेजाऱ्यांना दूर लोटतो. ते पळतात. पण पळून पळून जाणार कुठं? एका बाजूला शून्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला एकाचं. कुंपणापाशी गेले की नियम त्यांना वळवून आत घेतो, आणि फिरता फिरता ते पुन्हा त्याच बिंदूच्या दाराशी येतात. तिथं थोडे रेंगाळतात, जणू ओळख पटलीय, आणि पुन्हा लोटले जातात, या वेळी वेगळ्याच वाटेनं. लोटणं आणि वळवून आणणं, एवढ्या दोनच गोष्टी. त्यांतून अशी भटकंती जन्मते जी एकदाही आपल्याच पावलावर पाऊल ठेवत नाही. हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खडू हातात धरून नुसता उभा राहिलो. पोरांना वाटलं, सर विसरले.

दर वर्षी मी वर्गाला कॅल्क्युलेटर काढायला लावतो. शेवटचा आकडा हलला की कुणीतरी ओरडतं, आणि मग सगळा वर्ग आपापल्या पडद्यात डोकं खुपसतो. पोरं टाळ्या वाजवतात. दुसऱ्या कॉलेजांतून मला हे दाखवायला बोलावतात. माझ्या सगळ्या शिकवण्यातला सर्वांत चांगला तास हा, आणि तो माझा नाही.

या जानेवारीत तो तास संपल्यावर समोरच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला कुणी दाखवलं? पुस्तकात तर असं नाहीये."

"असंच," मी म्हणालो, "करता करता दिसलं."

तोंडातून सहज निघालं. घरी येईपर्यंत मला कळलं की इतकी वर्षं मी न बोलण्याचा दोषी होतो, आता बोलण्याचाही झालो. सुनीतानं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "तळेगावची गाडी किती वाजता असते?"

शनिवारी मी त्या गाडीत बसलो. आदल्या आठवड्यात अवेळी भुरभुर पाऊस येऊन गेला होता. बागेत शुभांगीचे वडील बाजेवर बसले होते, बरेच थकलेले. "या सर, या. पाणी आणजो वं शुभांगी!" म्हणाले आणि लगेच बागेकडे हात केला. "पाण्यानं घोळ केला पहा. जरासा पडला अन् ताण तुटला. आता हे झाड फुलावर येते का नुसती पालवी काढते, काई सांगता येत नाई."

ती पाण्याचा गडवा घेऊन आली. केसांत थोडे पांढरे, बाकी तीच. "सर! तुम्ही? काऊन आले एवढ्या दूर? फोन केला असता तं मीच आली असती." ती आता बाग सांभाळते आणि सकाळ-संध्याकाळ गावातल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. मी येताना वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी बसमध्येच राहिली. मी एवढंच म्हणालो, "तुझा आकडा खरंच निसटतो. मला तेव्हाच कळलं होतं."

तिनं शेजारच्या झाडाचं एक वळलेलं पान तोडलं. "मले माईत हाय सर."

"काय माहीत आहे?"

"का तुम्हाले कळलं होतं. त्या सोमवारी तुम्ही संत्रं खाल्लं, पण माह्याकडं पाह्यलंच नाई."

मी विचारलं, पुढं शिकली नाहीस ते माझ्यामुळं का. तिनं घाई न करता उत्तर दिलं. "तसं नाई सांगता येत. त्या साली बाबाईचं दुखणंबी होतं. पण भीती बसली होती, हे खरं. काई नवीन दिसलं का आधी वाटे, बटनच चुकलं असन."

केऑसचा अभ्यास करणाऱ्याला एक सोयीची पळवाट सापडते: परिणाम इतका दूरचा, मध्ये इतक्या गोष्टी, कुणी कुणाला काय केलं याचा माग लागायचा नाही. माग लागत नाही हे खरं आहे. पण पहिला धक्का कुणाच्या बोटाचा होता हे मला ठाऊक आहे.

मग तिनंच विषय बदलला, मला सोडवण्यासाठी असेल. मोबाइल काढून म्हणाली, "सर, एक गंमत दाखवू? तुमच्यावाल्या चारच्या नियमात." तिनं पाव घेतला. पाव गुणिले पाऊण गुणिले चार. पाऊण. "एका उडीत घरी. आता हे पहा. पाऊणच्या अगदी बाजूले असे आकडे हायेत, तिथून निघतात, लोटत लोटत दूर जातात, सारा गाव फिरतात, अन् एक दिवस बराबर पावावर पाय पडते. का मंग सीधे पाऊणवर. मंग नाई हलत. घरी येणारे आकडे, असं नाव ठेवलं मी त्याईचं. उलटं चालून हुडकले, पावापासून मागं मागं."

मी बघत राहिलो. ज्या बिंदूजवळ कुणी टिकत नाही, त्याच्याजवळून निघून नेमकं त्याच्यावरच परतता येतं. आणि जिथं अशी परतीची वाट असते तिथं केऑस असणारच, हे सिद्ध करायला जाणत्या गणितज्ञांना जाडजूड लेख लिहावे लागले. मी ते कष्टानं वाचले होते. ती शिकवणीतली पोरं घरी गेल्यावर, बागेला पाणी नसण्याच्या दिवसांत, एकटी तिथवर चालत आली होती. आणि तिनं त्याला नावही माझ्या पुस्तकांपेक्षा चांगलं ठेवलं होतं.

"शुभांगी, मी तुझी माफी..." मी सुरुवात केली.

तिनं हात वर केला. "इथं कायले सर? इथं तं झाडंच हायेत. वर्गात म्हटलं होतं ना? मंग वर्गातच म्हणा."

"अवं, सर हायेत ते!" तिचे वडील दचकून म्हणाले.

"सर हायेत म्हणूनच म्हणून राह्यली, बाबा." तिची मान तिरपी होती.

बाग अर्धीच फुलली यंदा. ज्या तुकड्यात ताण टिकला तिथं फुलं, बाकी पालवी. फुलांच्या दिवसांत ती सकाळच्या गाडीनं वर्ध्याला आली आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. पोरांना वाटलं, तपासणीला आलेल्या मॅडम असतील. मी फळ्यावर एकोणतीस छेद एकोणचाळीस लिहिलं आणि खाली रेघ मारली नाही. सगळ्यांना पुन्हा एकदा बटणं दाबायला लावली. वर्गात टकटक सुरू झाली. मी तिच्याकडे पाहिलं, या वेळी नीट पाहिलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. मग कुणीतरी ओरडलं, "हलला! शेवटचा हलला!" आणि ती हसली.

टाळ्या सुरू व्हायच्या आधी मी हात वर केला.

"मागच्या महिन्यात तुम्ही विचारलं होतं, हे मला कुणी दाखवलं. मी खोटं बोललो. हे त्या खिडकीपाशी बसलेल्या शुभांगीनं दाखवलं, याच फळ्यावर, आणि मी तिला हसलो. शुभांगी, तुझी बटणं बरोबर होती. तुझं वाक्य मी तोडलं, आणि तू बरोबर आहेस हे कळल्यावरही तुझ्याकडे न बघता तू आणलेलं संत्रं खाल्लं. मी चुकलो. मला माफ कर. आणि ते वाक्य अर्धं राहिलं आहे, ते आता इथं येऊन पूर्ण कर."